शंकासूर राजा आणि उंबरातली चिलटं

एकदा काय झालं, एका राजाला संशयाची खोड जडली. आमटीत मीठ कमी पडलं, तरी त्याला वाटायचं आचारी शत्रूला फितूर झालाय. नाव त्याचं रत्नभान, पण माघारी सगळे शंकासूरच म्हणायचे, बरं का.

त्याला एकुलती एक लेक, नीलावती. जेवणाच्या नावानं नुसती बोंब! महालाच्या अंगणात उंबराचं मोठं झाड होतं. उंबरं पिकली की हिरवेगार हरियाल पक्षी यायचे. त्यांच्याकडे बघत बघत ती काय ते चार घास खायची.

एके सकाळी राजाला दिसलं, की बारीक बारीक चिलटं कच्च्या उंबरांत शिरताहेत. फळाच्या तोंडाशी एवढंसं भोक, आणि आत गेलेलं चिलट काही बाहेर येईना. "आत काहीतरी शिजतंय," राजा म्हणाला. मग त्यानं पहारा बसवला. मग पहारेकऱ्यांचाच संशय आला, म्हणून धूर केला. धुरानंही भागेना, मग अख्ख्या झाडाला मलमलीचा बुरखा घातला!

मग काय? उंबरं हिरवीच पटापट गळून पडली. आधी वानरं गेली, मग वटवाघळं गेली, मग हरियालही गेले. "शेजारच्या राजानंच फूस लावली," राजा म्हणाला. पण नीलावतीनं ताट सरकवलं ते सरकवलंच. पोरीची पार काडी झाली. राजाचा जीव तीळ तीळ तुटायला लागला.

मग उंबर बोललं, "राजा, कापडाच्या फटीतून आज एक चिलट आलंय. त्याच्या मागोमाग फळात जा आणि बघ."

"हा डाव असला तर?" राजाच्या मनात आलं. पण लेकीचा चेहरा आठवला आणि त्यानं नव्यानं धरलेल्या एका फळाला हात लावला. झाला की चिलटाएवढा! भोक इतकं अरुंद, की मुकुट बाहेरच राहिला, शेला फाटला. आत बघतो तर फुलंच फुलं! कुणाला कधी न दिसणारं उंबराचं फूल आत दडलेलं. त्या फुलांतून एक चिलटीण सरपटत होती. दुसऱ्या उंबरावरून आणलेले पराग फुलांना लावत होती, मधूनच अंडी घालत होती.

"बाई, तुझे पंख कुठे गेले?" राजानं विचारलं.

"दारात तुटले. पोरांसाठी यावंच लागतं. मी पराग आणले नाहीत तर उंबर पिकत नाही, आणि उंबरानं जागा दिली नाही तर माझी पोरं जगत नाहीत."

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तोही पोरीसाठीच आला होता.

मग उंबरानं त्याला पहिल्याएवढा करून अलगद बाहेर ठेवलं. राजानं स्वतःच्या हातांनी मलमल टराटरा फाडली. मग चिलटं आली, उंबरं लालेलाल पिकली, हरियाल आले, आणि नीलावतीनं खिरीची वाटी चाटूनपुसून संपवली.

राजा दरबारात म्हणाला, "मी उंबराचं फूल पाहिलं!" प्रधानानं सेनापतीकडे बघितलं, सेनापतीनं आचाऱ्याकडे. कुण्णाचा विश्वास बसेना! राजा चिडला मात्र नाही. आपण खरं बोलूनही कुणी संशय घेतला की कसं वाटतं, ते त्याला त्या दिवशी कळलं. पुढे सगळे पोटभर जेवले, सुखानं नांदले. मिटा बघू आता डोळे.