एका नावाची एक ओंजळ

फुलगावात एक गोड रीत होती. दारी कुणीही आलं की आधी नाव विचारायचं, मग गूळ-पाणी द्यायचं. पण एका उन्हाळ्यात विहीर आटली आणि नेमकी तेव्हाच डोंगरापलीकडची तहानलेली माणसं आली. पाटील घाबरले. "उंदीर कुठले! सगळं पाणी पिऊन टाकतील," ते ओरडले. नाव कुणी विचारलंच नाही. जो तो म्हणू लागला उंदीर, उंदीर, आणि बघता बघता सगळ्यांना खरंच शेपट्या दिसू लागल्या! मोठी माणसं कधीकधी इतकी वेडी होतात.

सोनकीलाही शेपट्याच दिसायच्या. ती गरीब माळणीची चिमुरडी, फाटक्या परकरातली. दिवसाला एक तांब्या पाणी, तेवढंच तिच्या वाट्याला.

त्या दुपारी गावकरी ढोल बडवत उंदरांना रखरखत्या माळावर हाकलणार होते. सोनकी बागेत गेली, तर जाईखाली उंदराचं एक इवलंसं पिल्लू हुंदके देत होतं. तिला फार फार वाईट वाटलं. तिने आपला तांब्या त्याच्यापुढे रिकामा केला.

तोच जाईच्या कळीतून चमचम करत बोटभर परी उतरली. गुलाबी पंख, चांदीचे पैंजण!

"सोनुले, आज मागशील ते मिळेल. पण स्वतःसाठी मागायचं नाही हं. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्याचं नाव घ्यायचं."

"उंदराला कुठलं गं नाव?"

"विचारून तरी बघ!"

सोनकी वाकली. "तुझं नाव काय?"

"मैना."

आणि काय नवल! मिशा गेल्या, शेपटी गेली. समोर पुढचा दात पडलेली, तिच्याएवढीच एक मुलगी.

"मैनाला पाणी मिळू दे!" सोनकी म्हणाली, आणि जाईच्या मुळाशी ओंजळभर निळंनिळं पाणी उसळलं.

इतक्यात ढोल आलेच. सोनकी मैनाचा हात धरून वाटेत उभी राहिली.

"पाटीलकाका, आधी नाव विचारा. आपली रीतच आहे ना?"

पाटलांनी कपाळाला आठ्या घालून समोरच्या एका उंदराला विचारलं, "काय रे नाव तुझं?"

"रावजी, मालक."

पाटलांच्या हातातली काठी गळून पडली. समोर एक थकलेला म्हातारा उभा होता.

"माणूस म्हटलं असतं तर हाकलता आलं नसतं," पाटील रडत म्हणाले. "म्हणून उंदीर म्हणालो मी."

मग एकच गलका! सगळे नावं विचारू लागले, सोनकी ती मोठ्यांदा घेऊ लागली. एका नावाला एक ओंजळ. झरा खळखळला, विहीर भरत आली. फक्त सोनकीचेच ओठ कोरडे होते.

मैनाने ते पाहिलं. "आणि तुझं नाव काय गं?"

"सोनकी."

परीने हळूच मान डोलावली.

"सोनकीला पाणी मिळू दे!" मैना ओरडली.

विहीर काठोकाठ भरून वाहिली. सोनेरी उजेडात परी दिसेनाशी झाली आणि दोघी मैत्रिणी एकाच तांब्याने घटाघटा पाणी प्यायल्या.