आवळ्याचा नेम

फार फार वर्षांपूर्वी एका टेकडीखालच्या गावाने मिळून एक राई लावली होती. आवळा, शेवगा, पपई, लिंबू आणि खाली अळू, हळद. फळ कुणीही तोडावं, भुकेल्यानं आधी तोडावं. दर गुरुवारी सगळे श्रमदानाला जमत आणि एक म्हातारे माळीबाबा आळं कसं करावं, पाला कसा पसरावा हे शिकवत.

त्या गावात एक व्रतस्थ बाई होती. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि फार अशक्त झाली होती. बाईने नेम धरला: वैशाखभर रोज पहाटे राईतल्या आवळ्याला एक कळशी पाणी घालायचं. आवळ्यात साक्षात विष्णूचा वास! आणि नेम कुणाला सांगायचा नाही. बोलला की फळ जातं, असं तिची सासू म्हणायची.

पण झालं भलतंच. आवळ्याची पानं पिवळी पडू लागली.

बाई गोंधळली. पाणी शिळं होतं का? घालताना मन भलतीकडे होतं का? तिने एकाच्या दोन कळश्या केल्या. पानं आणखी गळली. झाडाचं हे असं, मग लेकीचं काय होणार, या काळजीने तिची झोप उडाली.

गुरुवारी सगळे आवळ्याभोवती उभे राहिले.

"दृष्ट लागली असेल," सोनारीण म्हणाली.

"वाळवी असेल," कुंभारीण म्हणाली.

माळीबाबांनी मुळाशी बोट खुपसलं. बोट चिखलाने माखून वर आलं. त्यांनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मुळं कुजायला लागलीत. पाऊस नाही, पाट नाही, मग एवढं पाणी आलं कुठून? कोण घालतं याला पाणी?"

सगळ्या बायका पदर सावरत जमिनीकडे बघू लागल्या.

"कुणीच नाही? म्हणजे खालून झरा असणार. मग हे झाड इथं जगायचं नाही. काढून टाकू."

त्यांनी कुदळ उचलली. बाईला वाटलं, बोलावं, तर लेकीसाठी धरलेला नेम मोडतो. गप्प बसावं, तर ज्याच्यापाशी लेकीचं सुख मागितलं तेच झाड जातं. देवा, यातलं बरोबर कुठलं? तिला काही केल्या कळेना. पण कुदळ वर गेली तशी ती पुढे झाली.

"थांबा बाबा! मी घालते. रोज. आता तर दोन कळश्या."

मग सोनारीण हळूच म्हणाली, "अगं बाई… मीही घालते. नातवासाठी."

"मीसुद्धा," कुंभारीण बाईकडे बघत पुटपुटली. "तुम्ही येऊन गेलात की मग मी यायची."

एकेक करून बऱ्याच जणी बोलल्या. माळीबाबांनी कुदळ टेकवली आणि ते हसायला लागले. "अहो, विष्णू क्षीरसागरात राहतो म्हणून त्याला इथंही बुडवायचं का? आणि तो शेवगा बघा, पाण्यावाचून सुकलाय!"

"शेवग्याचं व्रत कुणी ऐकलंय का, बाबा?" सोनारीण म्हणाली आणि सगळ्याच हसल्या. बाई मात्र रडत होती.

"माझा नेम मोडला हो. माझ्या लेकीचं काय?"

कुंभारणीने तिचे डोळे पुसले. "वहिनी, आता तुमच्या लेकीसाठी आम्ही सगळ्याच हात जोडू. एकटीनं का जोडायचे?"

सगळ्यांनी मिळून चर खणून आवळ्याचं पाणी उतरवलं, कुजकी माती काढली आणि झाडं वाटून घेतली. बाईच्या वाट्याला शेवगा आला. त्याच्यात कुठला देव, हे तिला ठाऊक नव्हतं. तरी ती रोज आधी बोटानं माती बघून मगच पाणी घालू लागली.

महिना सरता सरता आवळ्याला कोवळे कोंब फुटले. बाईची लेक सुखरूप बाळंत झाली आणि बाळंतिणीच्या पहिल्या भाकरीसोबत शेवग्याच्या पाल्याची भाजी होती.

तात्पर्य काय, बायांनो, देवाशी बोलणं मनातल्या मनात असावं; पण सगळ्यांच्या झाडाची सेवा एकमेकींना विचारूनच करावी.