घाण्याचं तट्टू आणि माळणीचं कुंपण

पूर्वी गोदावरीच्या काठी वेळुपूर नावाच्या नगरात जितारी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कुंभाराच्या कुळात जन्मला होता. सोमक त्याचं नाव. कधी आवाज चढवला नाही की कुणाला उणंदुणं बोलला नाही, असा माणूस. त्याच्या शेजारी उत्पला नावाची माळीण राहायची. दोघांच्या परसांमध्ये बोराटीचं दाट कुंपण होतं, आणि त्या कुंपणाला उत्पलेच्या डोळ्याच्या बरोब्बर उंचीवर एक भोक होतं. ते आपोआप पडलंय, असं ती सांगायची.

शेजारी काय शिजलं, कोण आलं, कोण रुसून गेलं, हे कळल्याशिवाय उत्पलेच्या घशाखाली घास उतरत नसे. मनाने मात्र ती निर्मळ होती. तोंडाने आधी टोचायची आणि मागोमाग पदराखाली वाटी झाकून घेऊन यायची.

एके सकाळी तिने भोकाला डोळा लावला आणि पाहते तर काय, बोधिसत्त्वाच्या कडुलिंबाखाली एक तट्टू आडवं पडलेलं! हातातली झारी तिथेच टाकून ती वळसा घालून धावत आली.

"अगं बाई! सोमका, हे काय आणलंस?"

"तट्टू आहे, ताई."

"तट्टू आहे ते दिसतंय मला. जिवंत आहे का ते विचारतेय."

"आहे. आत्ताच कान हलवला त्याने."

ते तिंदुक तेल्याच्या घाण्याचं तट्टू होतं. डोळ्यांवर झापड बांधून वर्षानुवर्षं घाण्याभोवती फिरलं, आणि पाय दुमडून बसलं तेव्हा तेल्याने त्याला वेशीबाहेर माळावर सोडून दिलं. त्याच्या जागी तेल्याने बैल जुंपला. बोधिसत्त्व माती आणायला माळावर गेला होता. तट्टाच्या अवतीभोवती कावळे जमलेले त्याने पाहिले. मातीची पाटी तिथेच ठेवून तो तट्टापाशी बसला, झापड सोडली, ओंजळीने पाणी पाजलं आणि चार माणसांच्या हातापाया पडून त्याला गाड्यावरून घरी आणलं.

कोंड्याची आंबोण, गुळाचं पाणी, पायाला कोमट तेलाचा हात, असं चालू झालं. तेल तेल्याकडूनच आणावं लागलं, याचं उत्पलेला फार हसू आलं. तीही दुधीच्या साली आणि मुळ्याचा पाला कुंपणावरून टाकू लागली. तट्टू उठलं. उभं राहिलं. आणि उत्पलेने भोकातून "उठलं गं बाई उठलं!" असं ओरडून अख्खी आळी गोळा केली, तेवढ्यात ते चालू लागलं.

चालू लागलं ते कडुलिंबाभोवती. एक फेरा, दुसरा फेरा. डोळे उघडे, दोरी मोकळी, तरी आपलं गोल गोल. लोक पोट धरधरून हसले. पुढे ओढलं तर ते थरथर कापायचं, आणि सोडलं की पुन्हा फिरायचं.

"भोवऱ्या नाव ठेव याचं," उत्पला म्हणाली, आणि तेच नाव पडलं. मग तिने शहाणपणाचा सल्लाही दिला. "अरे, फिरतोयच ना? मग तुझी माती टाक त्याच्या पायाखाली. फुकटात तुडवून होईल. तुझ्या पोटऱ्या तरी वाचतील."

बोधिसत्त्व हसला. "खरं आहे, ताई. पण त्याचं फिरणं एकदा माझ्या कामाला आलं, की ते थांबावं असं मला मनापासून कधी वाटणारच नाही."

उत्पला घरी गेली आणि भाजी निवडताना बराच वेळ त्या बोलण्याचा विचार करत बसली.

आता त्या नगरात एक जुनी रीत होती. तिला वेसचाल म्हणत. वेशीबाहेर टाकलेलं जनावर कुणी घरी आणलं, तर येत्या पौर्णिमेला सकाळी ते भर बाजारातून चालवायचं, वेशीपासून थेट नदीच्या घाटापर्यंत. मारायचं नाही, ओढायचं नाही. पोहोचलं तर ते आणणाऱ्याचं. नाही पोहोचलं, तर पहिल्या धन्याचं. पिसाळलेलं जनावर गावात नको, म्हणून ही रीत.

भोवऱ्या अंगाने भरला, हे ऐकून तिंदुक तेली पाहायला आला. त्याने लांबूनच तट्टाच्या मांड्या न्याहाळल्या.

"बरा पोसलास रे कुंभारा! बैल फार खातो माझा. पौर्णिमेला घेऊनच जातो याला."

"चालला तर?" बोधिसत्त्वाने विचारलं.

"हा? हा घाटापर्यंत? गरगर फिरत दिवाळीला पोहोचेल!"

तेली हसत गेला. भोवऱ्या मात्र त्याचा आवाज ऐकल्यापासून कडुलिंबाला इतका खेटून फिरू लागला की खोडाला अंग घासून कातडं सोललं. ते पाहून उत्पलेला काही हसू आलं नाही. पुन्हा घाण्याला गेला, तर हा जीव पावसाळा काढणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं.

बोधिसत्त्व त्या दिवशी चाकाशी बसला होता. फिरत्या चाकाच्या मध्यावर मातीचा थेंब पडला, तो जागच्या जागी गरगरला. काठावर पडला, तो लांबच लांब वाट चालला. बोधिसत्त्व त्याच्याकडे पाहत राहिला, मग उठला आणि भोवऱ्याजवळ जाऊन त्याच्या बरोबरीने फेऱ्या घालू लागला. ओढणं नाही, दामटणं नाही. फक्त खांद्याला खांदा लावून चालायचं आणि हळूहळू थोडं बाहेरच्या बाजूला सरायचं. भोवऱ्याही सरला. कडुलिंबाभोवतीचा फेरा कडुलिंब आणि भट्टीभोवती गेला. मग घराभोवती. जसजसा फेरा मोठा झाला, तसतशी तट्टाची मान सैल पडली, पाऊल लांब पडू लागलं.

उत्पलेचं कामात लक्ष लागेना. भोकाला डोळा लावून ती पुटपुटायची, "चल बाबा, चल. आता भट्टीला वळसा. शाब्बास माझ्या राजा!" चुलीवरची आमटी दोनदा करपली. तिचा नवरा रागवेल म्हणावं, तर तोही तिच्या मागे उभा राहून विचारायचा, "कुठवर आला?"

आणि मग भोवऱ्या कुंपणापाशी आला.

यापुढे मोठा फेरा घालायला जागाच नव्हती. एकीकडे उत्पलेचं कुंपण, पलीकडे सगळ्या आळीची कुंपणं. भोवऱ्या बोराटीपुढे थांबला, कान पाडले आणि वळला. एकाच दुपारी तो घराभोवतीच्या फेऱ्यावरून पुन्हा कडुलिंबापाशी येऊन पोहोचला. सगळं मुसळ केरात.

बोधिसत्त्व कुंपणापाशी आला. भोकामागे कोण आहे, हे त्याला ठाऊक होतंच.

"ताई, वाट द्याल का?"

"माझ्या दोडक्याच्या मांडवातून? फुलं धरलीत रे त्याला! आणि तुडवलं म्हणजे?"

"तुडवेल कदाचित. खोटं कशाला सांगू?"

"मग नाही," उत्पला म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

पण जाणार कुठे? सवयीने पुन्हा भोकापाशी आली. सोललेल्या अंगाने तट्टू खोडाभोवती फिरत होतं. कडुलिंबाखाली वीतभर खोल खळी पडली होती. उत्पला बघत राहिली. इतके दिवस ती बघतच होती. बघण्याला काही लागत नाही, हे तिच्या एकदम ध्यानात आलं आणि तिचा तिलाच राग आला.

तिने कोयता आणला. ज्या भोकातून पाहायची, तिथेच पहिला घाव घातला. काटे हातात घुसले, पदर फाटला, पण ती थांबली नाही. माणूस आणि तट्टू शेजारी शेजारी जातील एवढी वाट झाली, तेव्हा घामाघूम होऊन ती ओरडली, "ये रे मेल्या, ये! दोडके परत लावीन मी!"

मग तिने आळी गाठली. कुणी कुरकुरलं, तर ती कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "चंपके, सासूची लोणच्याची बरणी कुणी फोडली, ते मी आजवर बोलले का कुणाला? नाही ना? मग उघड कुंपण." संध्याकाळपर्यंत आळीत एकही परस बंद राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी भोवऱ्या साऱ्या आळीला वळसा घालून आला. मग टेकडीला. इतक्या मोठ्या फेऱ्यात वळण कुठे आहे, ते शोधावं लागे. उत्पलेचे अर्धे दोडके गेले. उरलेले तिने चवीने खाल्ले.

पौर्णिमा उजाडली. वेशीपासून घाटापर्यंत माणूसच माणूस! लोक ओट्यांवर, गाड्यांवर, चिंचेच्या फांद्यांवर. गावचा प्रमुख, ग्रामणी, काठी टेकत पुढे उभा. उत्पलेने भोवऱ्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली होती. बोधिसत्त्वाने दोरी सैल सोडली आणि दोघं निघाले.

चालला! सरळ चालला! पाणपोई गेली, धान्याचा बाजार गेला. "चालतोय! चालतोय!" करत उत्पला गर्दीतून कडेकडेने पळत होती, अंबाडा सुटला त्याचं भान नाही. घाटाच्या पायऱ्या दिसू लागल्या, आणि त्याच क्षणी तेलीआळीच्या चौकात घाणा करकरला. कुर्र, कुर्र.

तिंदुकाने मुद्दाम केलं नव्हतं. त्याचा घाणा रोजच त्या वेळी फिरायचा. पण भोवऱ्याचे पाय जागीच थिजले. त्याने डोळे मिटले, कान पाडले आणि भर चौकात तो फिरू लागला.

"संपलं!" तेली दारातून ओरडला. "आणा इकडे माझं तट्टू!"

 "ओढ रे त्याला! एकदाच ओढ!" उत्पला किंचाळली. बोधिसत्त्वाने ओढलं नाही. तो भोवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून त्याच्याबरोबर फिरू लागला, जसा परसात फिरायचा तसा, आणि थोडा बाहेरच्या बाजूला सरला. पण सरणार कुठे? गर्दी अंगाला अंग लावून उभी.

कुंपण! उत्पलेला कळलं. पुन्हा कुंपणच आडवं आलंय, आणि या खेपेला ते माणसांचं आहे.

"मागं सरा!" ती दोन्ही हातांनी लोकांना रेटू लागली. "बघताय काय नुसते? जागा द्या त्याला! मागं व्हा हो, मागं!"

लोक सरले. कुणी ओट्यावर चढले, कुणी घरांत शिरले. फेरा मोठा झाला, आणखी मोठा झाला. भोवऱ्याची मान थोडी सैल पडली. आता वाटेत एकच माणूस उभा होता, आपल्या उंबऱ्यापुढे, छातीवर हात बांधून.

"तिंदुकदादा," बोधिसत्त्व म्हणाला, "एक पाऊल."

तेली हलला नाही. भोवऱ्या फिरत फिरत त्याच्या अगदी पुढ्यात आला आणि थांबला. तेलाचा वास ओळखीचा होता. त्याने डोळे उघडले आणि तेल्याकडे पाहिलं.

तेल्याचे बांधलेले हात हळूच सुटले.

"अरे," तो पुटपुटला. "घारे आहेत की याचे डोळे."

इतकी वर्षं ज्याला दाणापाणी घातलं, त्या जनावराचे डोळे त्याने कधी पाहिलेच नव्हते. झापड त्यानेच बांधली होती ना! तो एक पाऊल मागे सरला. मग वळून आत गेला, आणि घाण्याची करकर थांबली.

भोवऱ्याने एक मोठा वळसा घातला. वळसा घाटाच्या दिशेला आला, तेव्हा तो वळायचा थांबला आणि सरळ चालत गेला. पायऱ्या उतरला, गुडघाभर पाण्यात शिरला आणि मान घालून पाणी प्याला. गोदावरीच्या दोन्ही काठांवर एकच कल्लोळ उडाला.

कुणी म्हणालं, "पण मध्ये फिरला तो!" तेव्हा ग्रामणी म्हणाला, "मारू नये, ओढू नये, एवढीच रीत आहे. वाटेत फिरू नये असं कुठल्या पूर्वजाने सांगितलंय?"

भोवऱ्या बोधिसत्त्वाच्या घरी म्हातारा झाला. तेल्याने बैलाची झापड काढली आणि बैल दमला की तो घाणा थांबवू लागला. उत्पलेने कुंपण पुन्हा कधी घातलं नाही. तिला आता भोकाची गरजच उरली नव्हती, ती थेट आतच यायची.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली. दास्यातून सुटून आलेला एक भिक्खू तेव्हा नवा होता. कुणी मोठ्याने बोललं की तो कोपऱ्यात दडायचा आणि इतर त्याला हसायचे. विहारात रोज डोकावणाऱ्या एका उपासिकेने ते पाहिलं आणि शास्त्यांच्या कानावर घातलं. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या जन्मीचा भोवऱ्या म्हणजे हा नवा भिक्खू. तिंदुक तेली म्हणजे त्याला सर्वांत जास्त हसणारा भिक्खू. उत्पला माळीण म्हणजे ही डोकावणारी उपासिका. आणि सोमक कुंभार मीच होतो. भ्यालेल्या जीवाला ओढू नका, त्याच्याबरोबर चाला आणि आपण थोडे मागे सरा. हीच मैत्री."

हे ऐकून सर्वांत जास्त हसणारा भिक्खू उठला. आपलं आसन त्याने थोडं बाजूला सरकवलं, आणि कोपऱ्यातला नवा भिक्खू येऊन त्याच्या शेजारी बसला.