लोणच्याची बरणी आणि तुटलेली तार

एके काळी एक वृद्ध आचार्य डोंगरावरच्या मठात राहत असत. त्यांचा एक शिष्य संगणकविद्येत निपुण होता. त्यामुळे धीर हा गुण शिकण्याची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

पायथ्याच्या मठात आचार्यांचे गुरुबंधू आजारी होते. रोज संध्याकाळी दोघे म्हातारे पडद्यावर एकमेकांना पाहत आणि यथेच्छ भांडत. भांडण झाले की गुरुबंधू चार घास जेवत. वैद्यांच्या मते एवढेच औषध त्यांना लागू पडत होते.

ही सोय शिष्याने केली होती. तारेतला संकेत ओळखण्यापासून गुरुबंधूंचा चेहरा उमटवण्यापर्यंत सारे काही त्याने एकाच अजस्र प्रोग्रॅममध्ये गुंफले होते आणि त्याचा त्याला अभिमान होता. पुढे दरड कोसळली. रस्ता गेला, तार तुटली. एका व्यापाऱ्याने दोन्ही मठांना एकेक बिनतारी यंत्र दान दिले. ते जोडताच अख्खा प्रोग्रॅम कोलमडला.

"सगळे नव्याने लिहावे लागेल, गुरुजी. महिना जाईल."

पायवाटेने खालून निरोप आला होता, की गुरुबंधूंनी ताट परत पाठवायला सुरुवात केली आहे. आचार्य म्हणाले, "त्याला लोणचे पाठवू. तू बरोबर जा, पण कशाला हात लावू नकोस."

शिष्याला वाटले, गुरुजींचे वय झाले.

स्वयंपाकघरात काकूंनी बरणी भरून तोंडाला फडक्याचा दादरा बांधला. कोठीवाल्याने ती पेंढ्यात घालून करंडीत बसवली. आत काय आहे, हे विचारले नाही. (सरकारी कचेरीत हे दृश्य दुर्मीळ.) देवडीवरच्या रखवालदाराने करंडी गोणपाटात शिवली आणि वर खालच्या मठाचे नाव घातले. रस्ता नसल्याने बैलगाडीऐवजी गाढव आले.

"आत मुरलेले लिंबू आहे बरं का," शिष्य गाढववाल्याला म्हणाला.

"मला काय करायचंय? कुठं जायचं अन् वजन किती, तेवढं बोला."

खालच्या देवडीवर गोणपाट उसवले गेले, कोठीत पेंढा निघाला आणि स्वयंपाकघरात मावशींनी दादरा सोडून बोटभर चाखले. "काकूंना सांगा, यंदाही मीठ जास्तच!" दोघी कधी भेटल्या नव्हत्या, मिठाचे भांडण मात्र कित्येक वर्षांचे होते. गुरुबंधूंनीही चव घेतली, तोंड वाकडे केले आणि पोटभर नावे ठेवता यावीत म्हणून भात मागवला.

शिष्याने परत येऊन निरोप दिला. "तिच्या जिभेलाच खोट आहे," काकू म्हणाल्या.

आचार्य हसले. "बाळ, मधे इतके हात लागले, पण काकू बोलल्या त्या मावशींशी. रखवालदार बोलला तो रखवालदाराशी, गोणपाटावरच्या नावातून. प्रत्येकाने आपले वेष्टण घालून खालच्याच्या हाती दिले. पलीकडे त्याच्या जोडीदाराने तेवढेच सोडले. आज गाडी जाऊन गाढव आले. म्हणून काकूंना मीठ बदलावे लागले का?"

बदलले असते तर बरे झाले असते, असे शिष्याच्या ओठांवर आले होते. तो हळूच म्हणाला, "माझ्या प्रोग्रॅममध्ये काकूच गाढव हाकत होत्या."

"आणि गाढव मीठ चाखत होते."

जगभरचे संगणक असेच थराथराने बोलतात, हे शिष्याने परीक्षेत लिहून उत्तम गुण मिळवले होते. आता ते त्याला कळले. त्याने गुंता सोडवला. वर चेहरा आणि आवाज. त्याखाली त्यांचे तुकडे करून ते क्रमाने पोहोचवणारा थर. त्याखाली पत्ता आणि वाट. अगदी तळाशी तार. मग त्याने केवळ तळ बदलला, तारेच्या जागी बिनतारी यंत्र. महिना लागला नाही.

पडदा उजळला. गुरुबंधू उशीला टेकून बसले होते.

"अरे, ते लोणचं होतं की मिठागर?"

"चार घास जास्त गेले ना?"

"तुझ्या नावाने खडे फोडायला अंगात बळ नको?"

शिष्याने त्या बिनतारी यंत्राकडे पाहिले. हे भांडण आहे की माया, यातले यंत्राला काहीच कळत नव्हते. आणि म्हणूनच ते दोन्ही नीट पोहोचवत होते.