म्हैस चरात बसली

मुलांनो, एका खाडीच्या काठी एक पाणमांजर आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. त्याच्या घरामागे मोठी दलदल होती. वर्षानुवर्षे पालापाचोळा कुजून तिथली माती काळी आणि मऊ झाली होती. पावसाचे पाणी ती पोटात धरून ठेवी आणि भर उन्हाळ्यातही थोडे थोडे सोडी. त्या गोड्या पाण्यावरच सगळ्यांचे पोट चाले. पाणमांजर तिथे मासे पकडी, एक खेकडा चिखलातले किडेमकोडे वेचून खाई आणि एक जाडजूड म्हैस दिवसभर डोळे मिटून बसे. ती काहीच काम करत नसे, खोटे कशाला सांगू? पण तिच्या पाठीवर लोळायला पिल्लांना फार आवडे.

पाणमांजर मोठे कष्टाळू आणि तितकेच उतावळे होते. चिखलात चाचपडत एकेक मासा शोधायचा त्याला कंटाळा आला. ते खेकड्याला म्हणाले, "आपण खाडीपर्यंत एक चर खणू. पाणी वाहून गेले, की सगळे मासे आपोआप उघडे पडतील!" खणायचे नाव काढताच खेकड्याच्या नांग्या शिवशिवू लागल्या. म्हशीने एक डोळा उघडून विचारले, "अरे, मग मी बसू कुठे?"

"मावशी, तुला बसण्यापलीकडे काही सुचते का गं?" असे म्हणून पाणमांजर हसले.

चर झाला. पाणी गेले, मासे उघडे पडले आणि सगळ्यांनी पोटाला तडस लागेपर्यंत खाल्ले. मग मासे संपले. काळी माती सुकली, तडकली आणि खचत खचत खाडीच्या भरतीच्या पाण्याहूनही खाली गेली. मधोमध गोड्या पाण्याचे एक डबके तेवढे उरले. पिल्ले त्यावरच तग धरून होती. अशात अमावास्येचे उधाण आले. ज्या वाटेने पाणी बाहेर गेले होते, त्याच वाटेने समुद्र आत शिरू लागला. पाणमांजराने चरात माती लोटली, ती वाहून गेली. खेकडा नुसताच इकडून तिकडे धावत राहिला. "आता माझी पिल्ले काय पितील?" असे म्हणून पाणमांजर रडू लागले.

तेव्हा म्हैस उठली. उठलेली म्हैस पिल्लांनी कधी पाहिलीच नव्हती! ती सावकाश चालत आली, चरात उतरली आणि ऐसपैस बसली. चर गच्च भरला. लाटा तिच्या पोटावर येऊन आपटू लागल्या.

"मावशी, हलू नकोस हं!" पिल्ले ओरडली.

"मला बसण्यापलीकडे सुचते काय, बाळांनो?" म्हैस म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

ओहोटी लागेपर्यंत ती जागची हलली नाही. तिच्या आडोशाने पाणमांजराने आणि खेकड्याने माती, दगड, वाळका पाला घालून चर पक्का बुजवला. पुढच्या पावसाळ्यात दलदल भरली, मासेही परतले. खचलेली माती मात्र वर आली नाही. ती भरून यायला पिल्लांच्या पिल्लांची पिल्लेसुद्धा म्हातारी होतील. पाणमांजर आता चिखलात चाचपडत एकेक मासा शोधते, कुरकुर करत नाही, आणि येता-जाता म्हशीच्या पाठीवर गार चिखल थापून जाते.

तात्पर्य : जी जमीन सर्वांसाठी पाणी धरून ठेवते, तिला घाईने कोरडी करू नये. ती सुकायला चार दिवस पुरतात, पण खचलेली माती पुन्हा भरून यायला पिढ्या लागतात.