मुरलेलं पाणी

“नाले अडवले, गुरं बंद केली, धुणंसुद्धा बंद केलं. मग तळं अजून का सडतंय, बुवा?”

विद्याधराच्या बोलण्यात प्रश्न कमी आणि तक्रार जास्त होती. मठाची सगळी व्यवस्था तोच बघे. शिकलेला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे चारचौघांना विसरू न देणारा.

सिद्धरामबुवा पायरीवर बसून हिरव्या पाण्याकडे बघत होते. वर जांभ्या दगडाच्या टेकडीवर मठ, खाली तळं. काठाला मेलेले मासे लागले होते.

“चंद्राक्का कुठं असते रे आता?” त्यांनी विचारलं.

चंद्राक्का मठाची वस्त्रं धुवायची. तळ्यातला धुण्याचा धोंडा तिच्या सासूपासून तिच्या घरात चालत आलेला. विद्याधरानं तिला सगळ्या गावासमोर सुनावलं होतं, “तुझ्या साबणानं तळं मारलं.” तिनं धुतलेल्या कफन्यांच्या घड्या घालून ओट्यावर ठेवल्या आणि गाव सोडून गेली.

“लेकीकडे, गडहिंग्लजला,” विद्याधर म्हणाला. “पण तिचं आता काय?”

“पाण्यात उतर.”

“या घाणीत?”

बुवांनी काठीनं पाणी दाखवलं.

विद्याधर धोतर खोचून उतरला. चैत्राच्या उन्हानं पाणी कोमट झालं होतं. चंद्राक्काच्या धोंड्यापाशी ते इतकं नितळ की चक्क तळ दिसत होता. तो काठाकाठानं चालत मठाच्या खालच्या अंगाला आला आणि थबकला. पायाखालून गार पाणी वर येत होतं. शेवाळ नेमकं तिथंच दाटलं होतं, पाय उचलवेना इतकं.

“इथं झरा आहे, बुवा.”

“उन्हाळ्यात नाले आटतात, तरी तळं राहतं ते त्याच्याच जिवावर. बघ, कुठून येतोय.”

विद्याधरानं मान वर केली. बरोबर डोक्यावर, उतारावर, उत्सवाच्या गर्दीसाठी बांधलेल्या संडासांची रांग होती. त्यांच्यामागचा शोषखड्डा त्यानंच खणून घेतला होता. मुद्दाम जांभ्यात, कारण जांभा पाणी भराभर पितो. आपला खड्डा कधी भरत नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत असे.

कधीच भरला नव्हता...

ओट्यावरच्या त्या घड्या त्याला आठवल्या.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“खड्ड्याचं नव्हतं. तिनं तळं मारलं नाही, एवढं ठाऊक होतं.” बुवांचा आवाज खाली गेला. “तरी त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही.”



“आजच खड्डा बुजवतो,” विद्याधर म्हणाला. “उद्या जाऊन तिचे पाय धरतो, तिला घेऊन येतो. मग तर तळं निवळेल ना, बुवा?”

बुवा काठीवर भार देऊन उठले. दोन पायऱ्या उतरले आणि त्याला बाहेर यायला हात दिला.

“बुजव. जाऊनही ये. पण एवढी वर्षं मुरलेलं अजून वाटेत आहे, विद्याधरा. ते येत राहील... तेव्हा काठ सोडू नकोस.”