गौरीच्या पावलांपुरती जागा

डोंगराच्या कुशीत एक चिमुकलं गाव होतं आणि गावाच्या टोकाला बकुळेचं चिमुकलं घर. बकुळेला सगळे बकू म्हणायचे. वडील देवाघरी गेलेले. आई अनसूया बाळांची दुपटी शिवायची आणि दोघींचं पोट भरायची. घरात पैसा नव्हता, पण सामान? अगोबाई! पाय ठेवायला जागा नव्हती. फुटके माठ, दांडा नसलेल्या छत्र्या, जुनेरांची गाठोडी आणि वाण! संक्रांतीच्या हळदीकुंकवात मिळालेल्या चाळण्या, डब्या, कुंकवाचे करंडे यांची छतापर्यंत उतरंड. काही टाकू म्हटलं की आई म्हणे, "असू दे गं. लागेल कधीतरी."

बकू पाळण्यात असताना तापाने फणफणली होती, तेव्हा आईने नवस बोलला होता, "लेक बरी होऊ दे, गौरीमाय, तुला माझ्या घरी आणीन." बकू बरी झाली, चांगली टुणटुणीत झाली, पण गौर काही घरी आली नाही. बसवायची कुठे? दर भादव्यात आई पदराने डोळे पुसायची.

यंदाही गौरी जवळ आल्या. शेजारच्या चंपाकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "अनसूये, गौर आणशील, पण ती पाय कुठं ठेवील? तुझ्या डोक्यावर?"

आई कसनुसं हसली. बकूला मात्र ते हसू बोचलं. ती टोपली घेऊन तेरड्याची फुलं आणायला डोंगरउतारावर गेली. गुलाबी, जांभळा, पांढराशुभ्र तेरडा वाऱ्यावर डुलत होता. एका वाकलेल्या रोपाला बकूने काटकीचा आधार दिला, तोच त्याच्या फुलातून टिचभर परी बाहेर आली. दवाचे मणी ल्यालेली, पंख गुलाबी-जांभळे, झिरझिरीत.

"गुणाची गं माझी बाई!" परी म्हणाली. "तेरड्याचा रंग तीन दिवस, तशी माझी जादूही तीनच दिवस. माग काय हवं ते."

"आमचं घर मोठ्ठं कर!"

"करीन हो. पण माझा नेम ऐक. मी वर पेरते तो रिकाम्या जागेत. आधी एक कोपरा मोकळा कर. एकच हं, सगळं घर एकदम उपसायचं नाही. एकेक वस्तू हातात घे आणि विचार, गेल्या भादव्यापासून तुला हात लावला का? नाही ना, मग तू कुणाच्या कामाची? आणि दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय हलवायची नाही."

बकू घरी आली आणि आपल्याच कोपऱ्यापाशी बसली. आखूड झालेलं परकर-पोलकं पलीकडच्या ठकीला दिलं. जोड नसलेलं पैंजण, फुटक्या पाट्या, चेपलेले डबे मोडीच्या टोपलीत टाकले. लाकडी बाहुली मात्र छातीशी धरली आणि तिच्यासाठी खुंटीवर एक पिशवी टांगली, तिचं कायमचं घर म्हणून. कोपरा मोकळा झाला आणि जमिनीवर उन्हाचा एवढासा सोनेरी रुपया उमटला.

परी त्यावर टपकन उतरली. "माग!"

बकूला नवा परकर हवा होता. पण तिने आईकडे पाहिलं. आई वाणाच्या उतरंडीआड अंग चोरून शिवत बसली होती. "परीताई, वस्तूंच्या मनातलं आईला ऐकू येऊ दे."

परीने पंख झटकले. छुन्न!

"मेले गं बाई मेले!" सगळ्यात खालची चाळण किंचाळली. "डोक्यावर सहा जावा बसल्यात! एकदा तरी पीठ चाळा ना माझ्यात!"

आईच्या हातातली सुई गळाली. "अगं, पण तू वाण! देवीचा प्रसाद. तुला कशी देऊ? पाप लागेल."

"अनसूयाबाई," चाळण मऊपणे म्हणाली, "वाण लुटतात की साठवतात?"

आई डोळे पुसता पुसता खुदकन हसली. "खरंच की गं! आयाबायांनी लुटलं आणि मीच अडवून बसले. हे गेले, तेव्हापासून हातातलं काही सोडायची भीतीच बसली बघ."

मग काय! मायलेकी एकेक फळी आवरू लागल्या. चाळणी नव्या नवरीला, करंडे आळीतल्या सवाष्णींना, फुटके माठ कुंभाराच्या खापरांच्या ढिगात. चंपाकाकूंनासुद्धा डब्या मिळाल्या, त्यांनी त्या मुकाट्याने घेतल्या. वडिलांचं उपरणं आईने हातात धरलं, पण ते काही बोलेना. "हे राहू दे," आई म्हणाली. तिने ते नीट घडी करून देवघराच्या फळीवर ठेवलं.

गौरीच्या दिवशी दारापासून देव्हाऱ्यापर्यंत हळदीकुंकवाची पावलं उमटली. मुखवटा हातात घेऊन आई उंबऱ्यात उभी राहिली.

"गौर आली का?" बकूने विचारलं.

"आली गं आली!" आईने उंबरा ओलांडला. "बाई, ही माझी चूल बघ, ही माझी फळी बघ..." गौरीला घर दाखवत ती सगळीकडे फिरली, कुठे अडखळली नाही. मोकळी जमीन पाहून दर्शनाला आलेल्या बाया म्हणाल्या, "अनसूये, इथं तर अख्खी गोधडी पसरेल! आमच्या शिवशील का?" दुपट्यांच्या शिवणारणीला वर्षभराचं काम उंबऱ्यातच मिळालं.

तिन्हीसांजेला तेरड्याचा रंग उतरू लागला. परी बकूच्या तळहातावर बसली. "घर मोठं करायचं राहिलंय गं."

बकूने आजूबाजूला पाहिलं. "झालं की! फक्त एवढं कर. आई पुन्हा 'असू दे, लागेल' म्हणाली, की तिला हसू येऊ दे."

परी खळखळून हसली. हसता हसता तिच्या पंखांतून गुलाबी, जांभळा, सोनेरी उजेड सांडला आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

दाराशी आई प्रसादाचा रिकामा द्रोण हातात धरून उभी होती. "असू दे, लागेल—" ती म्हणाली आणि पोट धरधरून हसत सुटली.

गौरीमाय, बकूच्या घरी जशी मोकळी चाललीस, तशी ऐकणाऱ्यांच्या घरीही चाल.